दम कुठे अडतो?

नववीच्या वर्गाला ‘दम’ हा एकच शब्द शिकवायचा म्हटलं तरी तास अपुरा पडतो. मराठीत आपण दम धरतो, दम खातो, दम देतो, दम टाकतो आणि शेवटी दमून जातो. उर्दूत आलं की हमदम आहे, बेदम आहे, दम-ब-दम आहे, आणि पोरांना सगळ्यात आवडणारी दम बिर्याणी आहे. शब्द फारसीतून आला. अर्थ साधा, श्वास. आणि एका श्वासाइतका वेळ, म्हणजे क्षण. गंमत अशी की अरबीत हीच दोन अक्षरं, दाल आणि मीम, जोडली की अर्थ होतो रक्त. हजला जाऊन आलेल्यांना हा शब्द ठाऊक असतो. तिथल्या वाजिब गोष्टींत काही राहून गेलं तर ‘दम’ द्यावा लागतो, म्हणजे जनावराची कुर्बानी. एका भाषेत श्वास, दुसरीत रक्त. फळ्यावर दोन्ही अर्थ शेजारी लिहिले की मुलं हसतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, डॉक्टर नाही. पण गेल्या आठ-दहा वर्षांत आमच्या घरात, नात्यात आणि शाळेत ‘दम लागतो’ ही एकच तक्रार मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली, आणि दर वेळी दुखणं इतकं निराळं निघालं, की त्याबद्दल लिहायचं ठरवलं. कारण या तक्रारीवर आपल्याकडे ठरलेली चारच उत्तरं आहेत. ‘उमर का तकाजा है.’ ‘वजन बढ गया.’ ‘दमा है, खानदानी है.’ आणि बाई असेल तर चौथं, ‘टेन्शन बहोत लेती.’ या चार उत्तरांनी आमच्या घरातलं एक माणूस गेलं. ते पुढे सांगते.

आधी गोष्ट नीट समजून घेऊ. आमचा तुमसर तालुका धानाचा. बावनथडीच्या कालव्याचं पाणी आल्यापासून ‘टेलचा शेतकरी’ हा शब्द लहान पोरालाही कळतो. टेलवरचा शेतकरी ओरडतो, ‘माझ्या बांधीत पाणी नाही.’ त्याचं ओरडणं खरंच असतं. पण त्या ओरडण्यावरून बिघाड कुठे आहे ते कळत नाही. धरणात पाणीच नसेल, दार उघडलं नसेल, कालव्यात गाळ साचला असेल, मधे कुणी पाट फोडला असेल. शोधायचं तर वरून खालपर्यंत चालत यावं लागतं.

श्वासाचं तसंच आहे. हवा नाकातोंडातून आत जाते, घशातून श्वासनळ्यांत, नळ्यांतून फुप्फुसाच्या बारीक पिशव्यांत. तिथे प्राणवायू रक्तात चढतो. रक्त हृदयाकडे येतं, हृदय ते अंगभर ढकलतं. हा सगळा भाता हलवायला छातीचे स्नायू लागतात, त्या स्नायूंना हुकूम द्यायला मेंदू आणि नसा लागतात. यातलं काहीही बिघडलं तरी माणूस एकच वाक्य बोलतो, ‘दम लागतो.’ म्हणून दम लागणं हा आजाराचा पुकारा समजावा. आजार कोणता, ते शोधायचं काम त्यानंतर सुरू होतं.

नळ्यांपासून सुरुवात करू. माझी मोठी खाला. आयुष्यात बिडी ओढली नाही, तंबाखू तोंडात टाकली नाही. पण लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीसेक वर्षं चुलीपुढे बसली. पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणी, आणि खिडकी नसलेला रांधणीचा कोपरा. पन्नाशीनंतर तिचा खोकला जाईना आणि विहिरीवरून घरी येईपर्यंत दोनदा थांबावं लागायचं. सगळ्यांनी ठरवून टाकलं, दमा. पुढे नळीत जोरात फुंकायची तपासणी झाली, स्पायरोमेट्री म्हणतात तिला. तेव्हा कळलं की हा सीओपीडी आहे.

दोन्हींतला फरक तिने मला एका वाक्यात सांगितला होता, फक्त तेव्हा आम्हाला तो ऐकू आला नाही. ‘मेरी सांस कभी पूरी अच्छी नहीं होती, बेटा.’ दमा येतो आणि जातो. रात्री, पहाटे, धुळीने, थंडीने उसळतो, मधले दिवस माणूस ठणठणीत असतो, बहुतेकदा लहानपणापासूनच त्रास असतो. सीओपीडी जात नाही. हळूहळू, वर्षानुवर्षं वाढत राहतो. त्याला लोक बिडी-सिगारेटवाल्यांचा आजार समजतात, पण आपल्या खेड्यांतल्या बायकांना तो चुलीच्या धुराने होतो. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर खालाकडेही आहे. पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, कारण सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात आणि लाकडं जंगलातून येतात.

पंपाबद्दल एक सांगायलाच हवं. ‘पंप लग गया तो छूटता नहीं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा वाक्प्रचारच झाला आहे. खरं तर पंपातलं औषध अगदी थोडं असतं आणि थेट नळ्यांपर्यंत जातं. गोळीतलं तेच औषध आधी सगळ्या अंगभर फिरतं. पंप सुटत नाही तो आजार लांबचा असल्यामुळे. चष्मा सुटत नाही म्हणून आपण चष्म्याला दोष देत नाही. रमजानमध्ये मात्र खरी अडचण येते. रोज्यात पंप घेतला तर रोजा टिकतो की तुटतो, यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. आपल्या आलिमांना जरूर विचारा. पण आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची सवलत खुद्द कुरआनात, सूरह बकरात दिलेली आहे. सवलत देणाऱ्यानेच दिली आहे, ती घेताना मान खाली घालायचं कारण नाही. सहरीला आणि इफ्तारीनंतर औषध बसवता येतं का, हे रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारायला हवं. दम कोंडून तरावीहमधून उचलून न्यायची वेळ आल्यावर विचारून काय उपयोग?

फुप्फुसापर्यंत आलो. आमचा तालुका मँगनीजचा. चिखल्याची खाण जमिनीखाली, डोंगरी बुजुर्गची खाण उघडी. घराघरात कुणीतरी दगडाशी, धुळीशी संबंध असलेलं काम केलेलं असतं. आमच्या शेजारच्या चाचांनी जवानीतली बारा-तेरा वर्षं परजिल्ह्यात गिट्टी क्रशरवर काढली. तोंडाला रुमाल, एवढीच सोय. साठीच्या आत त्यांना नमाजला मशिदीपर्यंत चालवेना. टीबीचं औषध एकदा झालं, दुसऱ्यांदा सुरू झालं. इतक्या कागदांवर कुठेही लिहिलेलं नव्हतं की हा माणूस पोटासाठी काय करत होता. शेवटी नागपूरला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘बाबा, काम काय करत होतात?’ मग सिलिकोसिस हा शब्द आला.

दगडाची अतिबारीक धूळ फुप्फुसात बसते आणि तिथे वण धरतात. वण पडलेली जागा परत मऊ होत नाही, त्यावर औषध नाही. ज्याला सिलिकोसिस आहे त्याला टीबी लवकर धरतो, म्हणून दोन्ही एकमेकांत लपतात. हा आजार सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण कळवणार कधी? आधी कुणी कामाचं विचारलं तर. म्हणून दवाखान्यात गेलात आणि त्यांनी विचारलं नाही तर आपणच सांगा. क्रशर, खाण, राईस मिलची धूळ, बिडीचा कारखाना, कापूस, वीटभट्टी, जे असेल ते.

दम किती लागतो हे सांगायची एक पट्टी डॉक्टरांकडे असते. तिचं मूळही खाणीतलंच आहे. वेल्समधल्या कोळसा कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास करताना चार्ल्स फ्लेचर या डॉक्टरांनी ती गेल्या शतकाच्या मध्यावर बसवली. आंबागडच्या माणसाला ती लगेच कळेल. फक्त भारी मेहनत केली तरच धाप लागते, तर शून्य. सपाटीवर भरभर चालताना किंवा लहानसा चढ चढताना लागते, तर एक. सपाटीवरही बरोबरीच्या वयाच्या माणसांच्या मागे पडता किंवा आपल्याच चालीने चालताना थांबावं लागतं, तर दोन. शंभरेक मीटर गेल्यावर थांबावं लागतं, तर तीन. कपडे बदलताना धाप लागते, घराबाहेर पडवत नाही, तर चार. आमच्या गावावरचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंदशहाच्या सुभेदाराने, राजा खान पठाणाने, सुमारे १७०० साली बांधला. त्याचा चढ चढताना कुणालाही धाप लागते. तेव्हा गडावर दम लागला म्हणून घाबरू नये. मागच्या वर्षी जो चढ एका दमात जायचा तो यंदा जात नसेल, तर मात्र विचार करावा.

आता दाल-मीमचा दुसरा अर्थ, रक्त.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. पीटीच्या तासाला ती नेहमी झाडाखाली बसलेली. ‘आळशी आहे’ असं सगळे म्हणत. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात येईपर्यंत तिचे ओठ पांढरे पडायचे. तिच्या अम्मीला बोलावलं, तर त्यांनी कोरोनाच्या काळातलं बोटाला लावायचं यंत्र आणून दाखवलं. त्यात ९८ दिसत होतं. ‘ऑक्सिजन तो बराबर है, मॅडम.’ रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातच्या खाली.

हे कसं काय? बोटाचं यंत्र सांगतं की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी शेकडा किती भरलेलं आहे. हिमोग्लोबिन एकूण आहे किती, ते त्याला कळत नाही. राईस मिलवरून निघालेली प्रत्येक गाडी पोत्यांनी गच्च भरलेली आहे, पण बारा गाड्यांच्या जागी सहाच निघाल्या, तर गावात तांदूळ निम्माच पोचणार. यंत्र म्हणतं गाड्या भरलेल्या आहेत. ते खोटं बोलत नाही. देशपातळीवरच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांचं रक्त कमी निघालं. म्हणजे आपल्या घरातल्या दमणाऱ्या बाईचा दम फुप्फुसात शोधण्याआधी रक्तात शोधावा.

त्या मुलीचं दुखणं मात्र पुढचं निघालं. सिकलसेल. तिचे अब्बा मानायला तयार नव्हते. ‘ये हमारे में नहीं होता, मॅडम, ये तो दूसरे लोगों का मर्ज है.’ पूर्व विदर्भात हा आजार आदिवासी आणि इतर कित्येक समाजांत आहे, आणि रक्ताला जात-जमात वाचता येत नाही. यात रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, लवकर मरते, बारीक नसांत अडकते. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ज्या पहिल्या रुग्णाची नोंद केली, त्या कॅरिबियन बेटांवरून शिकायला आलेल्या तरुणाची एक तक्रार हीच होती, धाप लागणं. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

आपल्या समाजाला यात एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आई-बाप दोघेही नुसते वाहक असतील, म्हणजे स्वतःला काहीच त्रास नसेल, तरी प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. आणि आपल्यात चुलत, मामे, फुफेऱ्या नात्यांत निकाह होतात. नात्यात एक वाहक असला तर दुसरा असण्याची शक्यता वाढते. निकाहआधी मेहर ठरवायला दोन बैठका होतात. तिथे एक रक्ततपासणी सहज मावते. आणि ज्याला सिकलसेल आहे त्याला ताप, छातीत दुखणं आणि दम एकदम सुरू झाला तर सकाळची वाट पाहायची नाही.

हृदयाकडे येते. अम्मी अडुसष्टची. वीस वर्षांपासून ब्लडप्रेशर. दोन वर्षांपूर्वी तिने नमाजसाठी खुर्ची मागितली. आम्ही समजलो गुडघे. एक दिवस ती सहज म्हणाली, ‘घुटने तो ठीक हैं, सजदे में सांस नहीं समाती.’ त्याच सुमारास ती एकाऐवजी तीन उशा घ्यायला लागली होती, रात्री दोन-अडीचला उठून दारात हवेला बसायची, आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. उशा, रात्रीचं उठणं, पायाची सूज आणि सजदा, या चारही गोष्टी घरात सगळ्यांनी वेगवेगळ्या पाहिल्या होत्या. भाभीने उशा पाहिल्या, भावाने दार पाहिलं. मी त्या एका कागदावर लिहून नेल्या. डॉक्टरांनी कागद वाचला, पायाच्या सुजेवर बोट दाबलं, खड्डा पडला तो पाहिला आणि इको करायला सांगितलं. हृदयाची ताकद कमी झाली होती. ते रक्त पुढे ढकलायला कमी पडलं की मागे फुप्फुसात पाणी साचतं. आडवं झालं की ते छातीभर पसरतं, पुढे वाकलं की दाब वाढतो. हृदय थकलेल्या काही रुग्णांना वाकल्यावर अर्ध्या मिनिटातच धाप लागते, हे वैद्यकशास्त्रातही नोंदलेलं आहे. नमाजी माणूस ही तपासणी दिवसातून पाच वेळा नकळत करत असतो.

औषधांनी अम्मी सावरली. अडलं ते लघवीच्या गोळीपाशी. ‘बार बार वुज़ू टूटता’ म्हणून ती गोळी चुकवायची, लग्नाला जायचं असलं तर हमखास. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गोळीची वेळ फजरनंतर लगेच ठेवली, जोहरपर्यंत तिचा जोर ओसरतो. लोणचं-पापड सुटायला मात्र वेळ लागला.

हृदयाबद्दल आणखी दोन गोष्टी. लहानपणी घसा वारंवार दुखून सांधे सुजले असतील तर पुढे हृदयाची झडप खराब होऊ शकते, आणि तरुण बाईत ते पहिल्यांदा पोटुशी असताना उघडं पडतं. आणि शुगर असलेल्यांना, बायकांना, वयस्करांना हार्ट अटॅक छातीत न दुखता नुसती धाप लागूनही येतो.

आता ते, जे सांगेन म्हटलं होतं. माझ्या फुफीची मुलगी. एकतीस वर्षांची, दुसरं बाळंतपण, सिझेरियन. आपल्याकडे चालीस दिनाचा चिल्ला असतो. खोलीतून बाहेर नाही, काम नाही, जास्तीत जास्त पडून राहणं. माया असते त्यात. सोळाव्या दिवशी तिची डावी पोटरी दुखायला लागली. तेल चोळलं. अठराव्या दिवशी तिला दम लागला. घरातल्या मोठ्यांनी म्हटलं, कमजोरी आहे, दोन जिवांची झीज झाली. गावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे सलाईन लावलं आणि सांगितलं, घाबरली आहे, टेन्शन आहे. एकोणिसाव्या दिवशी पहाटे ती उठून बसली, ‘सांस नहीं आ रही’ म्हणाली, आणि गाडी येईपर्यंत संपली.

पायाच्या नसेत रक्ताची गाठ धरते आणि ती सुटून फुप्फुसात अडकते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे हा धोका सगळ्यात जास्त असतो. सिझेरियनने तो वाढतो, पडून राहिल्याने आणखी वाढतो. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, आपला चिल्ला चाळीस. बाळंतिणीला आराम द्या, चुलीपासून आणि पाहुण्यांपासून लांब ठेवा, पण खोलीतल्या खोलीत तिला चालती ठेवा, पाणी भरपूर द्या. एकच पाय सुजला, दुखला, तर चोळू नका, दाखवा. एकाएकी दम लागला तर तिला मोठ्या दवाखान्यात न्या, त्याच घटकेला. तिचा मुलगा आता चौथीत आहे. माझ्याकडे उर्दू वाचायला येतो.

काही वेळा फुप्फुस, हृदय, रक्त सगळं ठीक असतं आणि दम बाहेरून आलेल्या विषाने अडतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश दिसतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि मग भाता हलवणारे स्नायूच लुळे पडतात. हा माणूस फुंकरीने वाचत नाही. सर्पविषावरची लस आणि श्वास द्यायचं यंत्र यांनी वाचतो.

कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर जातं आणि फुप्फुसात पाणी भरतं. तोंडाला फेस येऊन माणसं, विशेषतः मुलं, दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या रुग्णांच्या उशाशी रात्री जागून एकेक लक्षण लिहून ठेवलं. १९८२ साली त्यांचं टिपण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या ब्लडप्रेशरच्या साध्या गोळीने त्यांनी असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या डॉक्टरने ‘दम का लागतो’ हा प्रश्न सोडला नाही, एवढीच त्यातली किमया.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीतही तेच झालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या साध्या माणसांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. कमी शिकलेल्यांना मोजता यावं म्हणून मण्यांचं साधन केलं. न्यूमोनियाने मरणारी मुलं त्यामुळे कमी झाली. हे मोजणं कुठल्याही आईला जमतं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४० किंवा जास्त श्वास आले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर दवाखाना गाठायचा.

टेन्शनने दम लागतो का? लागतो. घाबरटीचा झटका खरा असतो, हातापायांना मुंग्या येतात, आता मरतो असं वाटतं, आणि त्यावरही उपचार आहेत. पण ते निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं, बाकीचं तपासून झाल्यावर. बाईच्या बाबतीत ते सगळ्यात आधी केलं जातं, हे माझं भांडण आहे.

आमच्याकडे दम लागलेल्या माणसावर ‘दम करतात’. आयत पढून फुंकर घालतात, पाण्यावर पढून ते पाजतात. माझा त्याला विरोध नाही. अम्मीच्या उशाशी मीही बसून पढले आहे, त्याने धीर येतो, तिलाही आणि मलाही. पण तिची इकोची तारीख मी चुकवली नाही. दवा आणि दुआ यांची भांडणं लावायची आपली परंपराच नाही. इब्न अल-नफीस तेराव्या शतकातले. जन्म दमिश्कचा, आयुष्य कैरोत गेलं, शाफई फिकहही शिकवायचे. त्या काळी जालीनूसची हजार वर्षं जुनी समजूत होती की हृदयाच्या मधल्या पडद्याला अदृश्य भोकं असतात आणि रक्त त्यातून पलीकडे जातं. इब्न अल-नफीस म्हणाले, तिथे भोकं नाहीत. रक्त फुप्फुसात जातं, हवेशी मिसळतं आणि मग डावीकडे परत येतं. युरोपात हे छापून यायला पुढची तीनशे वर्षं लागली. त्यांचं हस्तलिखित १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं. श्वास आणि रक्त कुठे भेटतात, हे एका फकीहने सांगून ठेवलं आहे. त्याच्या वारसांनी दम लागलेल्या बाईला ‘टेन्शन मत ले’ म्हणून परत पाठवू नये.

दवाखान्यात जाताना एक कागद न्या. दम कधीपासून, एकाएकी की हळूहळू? चालताना की बसल्या जागी? आडवं झाल्यावर वाढतो का, उशा किती? रात्री जाग येते का? खोकला, ताप, रक्त, वजन घटणं? पाय सुजतात का, दोन्ही की एकच? पाळी जास्त जाते का? पोटासाठी काय काम केलं? घरात चूल किती वर्षं? कोणत्या गोळ्या चालू आहेत? आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर कागदही नको, १०८ ला फोन करा. बसल्या जागी दम, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळे-काळे, छातीत दाब, घाम आणि घबराट, शुद्ध हरपणं, खोकल्यातून रक्त. शुगरवाला माणूस खोल-खोल श्वास घेतोय, उलट्या होतायत आणि तोंडाला फळासारखा वास येतोय, तर तेही त्यातच धरा.

या जुम्म्याला घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईजवळ दहा मिनिटं बसा. ती आपणहून सांगणार नाही, ‘मैं ठीक हूं’ म्हणेल. तेव्हा ‘कैसी हो’ विचारू नका. विचारा, ‘रात को तकिये कितने लेती हो?’